तार अडते तेव्हा: मोठ्या आतड्यातील पॉलिप काढताना येणाऱ्या तांत्रिक अडचणी

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढणारी गाठ, म्हणजे पॉलिप, दुर्बिणीतून काढणे ही गोष्ट आता सोलापुरात नवलाची राहिलेली नाही. बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट या तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी या जिल्ह्यांतून रुग्ण येतात, सकाळी कोलोनोस्कोपी होते आणि पुष्कळ जण त्याच संध्याकाळी घरी परततात. पोट न उघडता कर्करोगाची एक संभाव्य सुरुवात काढून टाकता येते, याचे समाधान या कामात असलेल्या प्रत्येकाला आहे. परंतु गाठीभोवती टाकलेल्या फासाची तार आवळल्यावर ती कापतच नाही, टोचलेले सलाईन गाठीखाली फुगवटा आणत नाही, जखम चिमटून बंद करणारी क्लिप तिच्या नळीतून सुटत नाही, किंवा ऐन वेळी पडदा काळा होतो, अशा प्रसंगी पुढच्या दोन मिनिटांत काय करायचे, हे मराठीत फारसे कोणी लिहीत नाही. एंडोस्कोपी कक्षात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी, सिस्टर आणि टेक्निशियन यांच्यासाठी, आणि आपल्यावर नेमके काय केले जाते हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या रुग्णांसाठी मी हे लिहीत आहे.

माझे मुख्य मत आधीच सांगतो. या कामातले सर्वांत महागात पडणारे अपयश म्हणजे अर्धवट काढलेला पॉलिप. न काढलेली गाठ दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावी, अधिक सामग्री असलेल्या कक्षात पूर्णपणे निघू शकते. मात्र अर्धी कापून सोडलेल्या गाठीखाली काही आठवड्यांत भरलेल्या जखमेचा कठीण व्रण धरतो, अस्तर खालच्या स्नायूला चिकटते, आणि त्यानंतरच्या डॉक्टरला ती जागा उचलून घेता येत नाही. जे एका बैठकीत झाले असते त्यासाठी मग आतड्याचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागू शकते. म्हणून तांत्रिक अडचणींचे व्यवस्थापन पहिला छेद देण्याच्या आधी सुरू होते, असे मी मानतो.

या पद्धतीचा इतिहास फार जुना नाही. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी लवचिक दुर्बिणीतून तारेच्या फासाने, म्हणजे स्नेअरने, मोठ्या आतड्यातील पॉलिप काढला. १९७३ मध्ये डायहले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्तराखाली द्रव टोचून बसकी गाठ उचलून घेण्याची पद्धत मांडली. आजची बहुतेक कामे याच दोन कल्पनांवर उभी आहेत. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ वीज न वापरता, नुसत्या तारेने कापतात. देठ असलेली मोठी गाठ वीज देऊन कापतात. आणि दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, पसरट गाठ द्रव टोचून बहुधा तुकड्या-तुकड्यांनी काढतात. आतड्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाडीची असते आणि उजव्या बाजूला, विशेषतः सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, ती सर्वांत पातळ असते. पुढचे सगळे नियम या पातळपणातून येतात.

तयारीबद्दल थोडे स्थानिक बोलतो. आपल्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे रोजचे जेवण आहे, आणि हिवाळ्यात हुरड्याचा हंगाम असतो. तपासणीच्या आधी किमान दोन-तीन दिवस हे तिन्ही बंद करण्यास स्पष्ट शब्दांत, रुग्णाच्या भाषेत, सांगितलेच पाहिजे. ‘हलका आहार घ्या’ एवढ्यावर भागत नाही, कारण ज्वारीची भाकरी आपल्या लोकांच्या दृष्टीने हलकीच असते. शेंगदाण्याचे कण आणि हुरड्याचे दाणे दुर्बिणीच्या सक्शनच्या नळीत अडकतात, आणि नळी तुंबली की रक्तस्राव सुरू होताच डॉक्टरला काही दिसेनासे होते. अस्वच्छ आतड्याचा दुसरा धोका याहून गंभीर आहे. आतड्यात हायड्रोजन आणि मिथेन हे ज्वालाग्राही वायू तयार होतात. मॅनिटॉल देऊन आतडे साफ केलेल्या रुग्णात वीज दिल्यावर स्फोट होऊन मृत्यू झाल्याची नोंद १९७९ सालच्या वैद्यकीय साहित्यात आहे, आणि म्हणूनच वीज वापरायची असेल तेव्हा मॅनिटॉल टाळतात. आतडे नीट साफ नसेल तर मोठ्या गाठीला त्या दिवशी हात न लावणे हाच योग्य निर्णय आहे, मग रुग्ण कितीही लांबून आलेला असो.

कक्षाची तपासणी रुग्ण टेबलावर येण्यापूर्वी करावी. कॉटरी मशीन, म्हणजे तारेला वीज पुरवणारे यंत्र, चालू करून पाहणे, पायाचे पेडल दाबून आवाज येतो का ते ऐकणे, मशीनच्या वायरची पिन हातात असलेल्या स्नेअरच्या मुठीत घट्ट बसते का हे पाहणे, क्लिप किती शिल्लक आहेत ते मोजणे, आतडे फुगवण्यासाठी लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा दाब पाहणे, यूपीएस भार घेते का याची खात्री करणे. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो तेव्हा आपल्याकडे विजेचा दाब खाली-वर होणे हे सर्वांना परिचयाचे आहे, आणि नुसत्या इन्व्हर्टरच्या भरवशावर मोठी गाठ काढायला घेणे मला मान्य नाही. तसेच रुग्णाला पेसमेकर आहे का, तो क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेतो का, हे आदल्या भेटीतच विचारलेले असावे.

आता प्रत्यक्ष अडचणींकडे येतो. पहिली अडचण सुईची. पसरट गाठीखाली मिथिलीन ब्लू किंवा इंडिगो कार्मिन मिसळलेले द्रव टोचल्यावर निळसर फुगवटा यायला हवा. तो येत नसेल तर कारण शोधावे. सुई फार वर असेल तर द्रव आतड्याच्या पोकळीत सांडताना दिसते; फार खोल गेली असेल तर द्रव भिंतीबाहेर जाते आणि पडद्यावर काहीच बदल दिसत नाही. अशा वेळी सुई किंचित मागे घेत, द्रव हळूहळू ढकलत राहिले की योग्य थर बहुधा सापडतो. सुई बरोबर थरात आहे, भोवतालचे अस्तर उचलले जाते, पण गाठीचा मधला भाग खालीच बसून राहतो, ही मात्र वेगळी गोष्ट आहे. १९९४ साली उनो आणि मुनाकाता यांनी हे चिन्ह खोलवर गेलेल्या कर्करोगाचे म्हणून मांडले. परंतु आधी घेतलेल्या बायोप्सीमुळे, आधीच्या अर्धवट प्रयत्नामुळे किंवा गाठीखाली टोचलेल्या टॅटूच्या, म्हणजे जागा ओळखण्यासाठी केलेल्या खुणेच्या, शाईमुळेही असेच दिसते. म्हणून न उचलली जाणारी गाठ दिसली की जुने कागद मागवावेत आणि गाठीच्या पृष्ठभागावरचे नक्षीकाम पुन्हा बारकाईने पाहावे. पृष्ठभाग विस्कटलेला, खड्डा पडलेला असेल, तर त्या भागाची बायोप्सी घेऊन थांबावे, कारण तो कर्करोग असू शकतो आणि तुकडे करून काढल्यास तो किती खोल गेला आहे हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. केवळ व्रणामुळे गाठ चिकटलेली असेल, तर २०१२ मध्ये बिनमोलर यांनी मांडलेली पाण्याखाली कापण्याची पद्धत किंवा चिमट्याने उरलेले अंश उपटून कडा भाजण्याची पद्धत उपयोगी पडते. पण ती त्यात हात बसलेल्या माणसाने करावी.

दुसरी अडचण, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, ती तार न कापण्याची. फास आवळला, पेडल दाबले, आणि काही सेकंद होऊनही काहीच घडले नाही, तर पहिले काम म्हणजे पेडलवरून पाय उचलणे. पुन्हा पुन्हा वीज देत राहण्याची इच्छा प्रबळ असते, आणि तीच भिंत भाजण्याचे कारण ठरते. पाय उचलावा, दुर्बीण जिथे आहे तिथेच स्थिर धरावी, मूठ धरलेल्या सहायकाला ‘आणखी आवळू नका’ असे मोठ्याने सांगावे. त्यानंतर सिस्टरने यंत्राच्या बाजूने क्रमाने पाहत यावे: मशीनवर योग्य मोड आहे का, वायर सैल झाली आहे का, आणि पेशंट प्लेट, म्हणजे रुग्णाच्या शरीरातून वीज यंत्राकडे परत नेणारी पट्टी, पूर्ण चिकटलेली आहे का. ही प्लेट कोरड्या त्वचेवर, मांडीच्या भरदार भागावर, पूर्ण पृष्ठभागाने चिकटलेली हवी. घाम, दाट केस किंवा कूस बदलताना उचकटलेली कड यांमुळे वीज नीट परतत नाही. आधुनिक मशीन अशा वेळी इशारा देतात, पण तो आवाज बंद करून ठेवलेले कक्षही असतात.

यंत्र ठीक असेल तर कारण फासात आहे. मांस जास्त आले असेल, तारेवर जळालेला थर साचून वीज जात नसेल, किंवा स्नायूचा थर आत ओढला गेला असेल. शेवटची शक्यता तपासण्याची रीत सोपी आहे: आवळलेली तार हलकेच पुढे-मागे हलवावी. गाठ भिंतीपासून स्वतंत्रपणे हलली तर बहुधा फक्त अस्तर पकडले गेले आहे; भिंतच सोबत ओढली जात असेल तर स्नायू अडकल्याचे समजावे. अशा वेळी फास थोडा सैल करावा, गाठ आतड्याच्या पोकळीकडे उचलावी, म्हणजे स्नायू निसटून खाली जातो, आणि मग पुन्हा आवळावे. शंका उरली तर फास पूर्ण उघडून लहान घास घ्यावा. मुठीवर आधीच खूण करून ठेवलेली असेल तर किती मांस पकडले आहे याचा अंदाज सहायकाला येतो. ही खूण करण्याची सवय प्रत्येक कक्षाने लावून घ्यावी. वीज न वापरता कापताना तार अडली तर लगेच वीज जोडण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण तिथे खाली द्रवाची गादी टोचलेली नसते. दाब कायम ठेवून थोडे थांबावे, दुर्बिणीचे टोक किंचित उचलून पाहावे, आणि तरीही कापले गेले नाही तर सोडून कमी मांस घ्यावे.

कधी कधी मात्र तार उघडतही नाही आणि कापतही नाही. ती देठात रुतून बसते. येथे ओढाताण केली तर भिंत फाटते. प्रथम तारेची नळी पुढे ढकलून फास गाठीच्या डोक्यावरून परत काढता येतो का ते पाहावे. ते न जमल्यास मशीनपासून वायर वेगळी करावी, स्नेअरची मूठ कटरने कापावी, नळी आणि तार जागेवर ठेवून दुर्बीण त्यांच्यावरून बाहेर काढावी, आणि पुन्हा शेजारून आत नेऊन दुसऱ्या स्नेअरने गाठ तुकड्यांनी लहान करावी, म्हणजे पहिली तार मोकळी होते. यासाठी साधा वायर कटर कक्षाच्या ट्रॉलीवर हवा. मी पाहिलेल्या पुष्कळ ट्रॉल्यांवर तो नसतो.

देठाच्या मोठ्या गाठीबद्दल एक सावधगिरी. डोके दोन सेंटिमीटर किंवा देठ एक सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर आधी रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲड्रेनलिन टोचणे, किंवा देठावर क्लिप वा सुटा फास बसवणे इष्ट असते. परंतु क्लिप धातूची असते; स्नेअर तिला टेकली तर वीज तिच्यातून भिंतीत उतरते. क्लिप आणि तार यांच्यात पुरेसे अंतर राहत नसेल, तर नुसते ॲड्रेनलिन बरे. आणि देठ कापल्यावर रक्ताची धार उडालीच, तर उरलेला देठ त्याच स्नेअरने पुन्हा पकडून, वीज न देता, पाचेक मिनिटे आवळून धरावा. ही जुनी युक्ती आजही अनेकदा वेळ मिळवून देते, आणि तेवढ्यात सिस्टरला क्लिप उघडता येते.

पसरट गाठ काढताना होणारा रक्तस्राव वेगळ्या रीतीने हाताळतात. आधी पाण्याच्या धारेने नेमकी जागा शोधावी, रक्त साचून दिसेनासे झाले तर रुग्णाची कूस बदलावी, म्हणजे रक्त दुसऱ्या बाजूला वाहून जाते. मग स्नेअरचे टोक जेमतेम बाहेर ठेवून सॉफ्ट कोॲग्युलेशनने, म्हणजे न कापता फक्त गोठवणाऱ्या विजेने, रक्तवाहिनी बंद करावी. एर्बे या कंपनीच्या मशीनवर यासाठी ८० वॅट, इफेक्ट ४ अशी मांडणी रूढ आहे, इतर यंत्रांचे आकडे निराळे असतात. रक्त न थांबल्यास कोॲग चिमटा, म्हणजे रक्तवाहिनी पकडून वीज देणारा चिमटा, आणि त्यानंतर क्लिप. गाठ शिल्लक असताना घाईने लावलेली क्लिप पुढच्या घासाच्या आड येते, म्हणून ती शक्य तितकी शेवटी वापरावी. केवळ ॲड्रेनलिन टोचून थांबलेला रक्तस्राव औषधाचा परिणाम ओसरल्यावर परत सुरू होऊ शकतो. त्यावर विसंबू नये.

प्रत्येक तुकडा निघाल्यावर खालची जागा धुऊन पाहणे हे टाळता न येणारे काम आहे. निळसर, जाळीदार तळ दिसला तर ठीक. निळ्याच्या मधोमध पांढरट वर्तुळ दिसले तर स्नायू कापला गेला आहे, आणि कापून आलेल्या तुकड्याच्या खालच्या बाजूलाही तसेच वर्तुळ दिसते. हे चिन्ह ओळखता आले तर भोक पडण्यापूर्वी किंवा पडताच क्लिपने जागा बंद करता येते. सिडनीतील डॉक्टरांच्या एका गटाने २०१७ मध्ये या इजांचे ० ते ५ असे टप्पे मांडले, आणि टप्पा ३ पासून पुढे, म्हणजे चिन्ह स्पष्ट दिसताच, जागा बंद करावी असे सुचवले. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरलेला असेल तर तो लवकर शोषला जातो आणि हातात थोडा अवधी राहतो. पोट दगडासारखे ताठ होऊन रक्तदाब घसरू लागला तर पोटात सुई घालून वायू बाहेर सोडणे हे तात्काळ करण्याचे काम आहे. भोक बंद झालेले नसताना रुग्णाला रुग्णवाहिकेत घालून पुण्याच्या अडीचशे किलोमीटरच्या प्रवासाला लावू नये. गावातला शल्यचिकित्सक आधीपासून माहितीत असावा, आणि मोठी गाठ काढण्याच्या दिवशी तो उपलब्ध आहे ना, हे सकाळी विचारून घ्यावे.

पडदा अचानक काळा झाला किंवा चित्र गोठले, तर प्रथम दुर्बिणीवरचे फ्रीझचे बटण चुकून दाबले गेले आहे का ते पाहावे. वीज गेली असेल आणि तार गाठीवर असेल तर ती आवळू नये, सैल करावी. अनेक प्रकाशस्रोतांत आणीबाणीचा दिवा असतो. तो कसा लागतो हे टेक्निशियनला नेमके ठाऊक हवे. काही मिनिटांत यंत्र परत चालू झाले नाही तर स्नेअर नळीत घ्यावी, दुर्बिणीचे टोक वळलेले धरून ठेवणारे कुलूप सोडावे, आणि दुर्बीण ताण न देता सावकाश बाहेर काढावी.

थांबण्याचा निर्णय घेतल्यानंतरचे काम फार मोलाचे आहे आणि तेच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. गाठीचा आकार, जागा, पॅरिस वर्गीकरणातला (गाठीच्या बाह्य आकारावरून ठरणारा) प्रकार, सुई टोचली का आणि गाठ उचलली गेली का, हे सर्व रिपोर्टमध्ये लिहावे, फोटो द्यावेत, सौम्य दिसणाऱ्या गाठीची उगाच बायोप्सी घेऊ नये, आणि टॅटू गाठीपासून सुमारे तीन सेंटिमीटर खाली, गुदद्वाराच्या बाजूला टोचावा, गाठीखाली कधीही नाही.

नातेवाईकांशी बोलणे याच कामाचा भाग आहे. ‘डॉक्टर, आत दिसली तर काढूनच टाका की, परत कशाला बोलावता?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. यंत्रमागावर किंवा विडी वळून घर चालवणाऱ्या माणसाचा एक दिवस म्हणजे एक दिवसाची मजुरी असते, आणि सोबत आलेल्या मुलाचीही. म्हणून ‘सुरक्षित नसेल तर आज काढणार नाही, आणि तसे झाल्यास पुढे कुठे व कसे जायचे’ हे संमतीपत्रावर सही घेण्याआधी, गरज असेल तर कन्नडमध्ये किंवा तेलुगूमध्ये, समजावून सांगितले पाहिजे. भूल उतरत असताना हे पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाचा विश्वास बसत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

आणखी एक सूचना मनापासून करावीशी वाटते. आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदणी चालते आणि देशभर तिचा दाखला दिला जातो. ज्या जिल्ह्यात गावोगावच्या रुग्णांची अशी चिकाटीने नोंद होते, तिथल्या एंडोस्कोपी कक्षांनी न निघालेल्या गाठींची, अडलेल्या तारांची आणि न सुटलेल्या क्लिपांची एक वही ठेवणे अवघड नाही. तारीख, गाठ कुठे होती, कोणते साधन अडले, काय केले, रुग्णाचे पुढे काय झाले, एवढे रकाने पुरेत. महिन्यातून एकदा डॉक्टर आणि सिस्टर यांनी ती एकत्र वाचावी, आणि त्यात कोणाला दोष देण्याची प्रथा पडू देऊ नये; तशी प्रथा पडली तर वही कोरी राहील.

गाठ पूर्ण निघाली तरी काम संपत नाही. तुकडे जाळीने किंवा सक्शनच्या सापळ्यात गोळा करून सगळे पॅथॉलॉजीला पाठवावेत. तुकड्यांनी काढलेल्या मोठ्या गाठीच्या कडा स्नेअरच्या टोकाने भाजून घ्याव्यात; ऑस्ट्रेलियातील २०१९ च्या चाचणीत असे केल्याने गाठ परत दिसण्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले होते. रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही होऊ शकतो, म्हणून त्या काळात शौचातून रक्त गेले, पोट दुखून ताप आला, तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. पुढची कोलोनोस्कोपी साधारण सहा महिन्यांच्या आत व्हायला हवी, आणि तिची तारीख रुग्ण घरी निघण्याआधीच ठरवावी. सोलापुरात ती तारीख पेरणीच्या, काढणीच्या किंवा आषाढीच्या दिवसांत येणार नाही हे पाहून द्यावी लागते, नाहीतर रुग्ण येत नाही.